साडेतीन मिलिमीटर

एरेनहोतहून माल आला मंगळवारी,
खोके इतके गार, की चिकटपट्टी काचेसारखी तुटली.
आत वर्षभराची नवलाई:
पाठीवर चुंबक असलेली कव्हरं,
टोकांना तांब्याचा धागा विणलेले हातमोजे,
उणे तिसातही फोनला बोट कळावं म्हणून,
आणि बिनतारी कानातले, डबीत जोडीनं निजलेले,
मेंढीच्या घोट्याच्या हाडांसारखे पांढरे.

भाव माझी भाची ठरवते, ओयुनगेरेल.
ती म्हणाली, मावशी, आता भोक कुणाला हवंय?
खरंच. नव्या फोनना भोकच नाही.
तारांचा खोका मी टेबलाखाली ढकलला,
पाय ठेवायला बरा.

दोन दिवसांनी तो आला. त्याच्या आधी वास आला,
शेणाच्या धुराचा, ओल्या लोकरीचा.
नाव सांगितलं, दाशन्याम. गाव नाही सांगितलं,
नुसता दक्षिणेकडे हात केला,
म्हणजे गोबी, म्हणजे रात्रभराची बस आणि पुढं कुणाची तरी मोटारसायकल.
अंगरख्याच्या आतून त्यानं काढला
रबरबँड गुंडाळलेला एक प्लेयर,
पडदा नखाएवढा, तोही तडकलेला.
छातीशी धरतो, म्हणाला, थंडीत बॅटरी मरते.

काय हवंय?
"याला मोठ्यानं बोलता आलं पाहिजे."

ओयुनगेरेलनं लगेच ब्लूटूथचा स्पीकर पुढं केला,
पाण्यात चालणारा, निळे दिवे लावणारा.
मी म्हटलं, ठेव तो.
याच्या यंत्राला ब्लूटूथ ठाऊक नाही.
याला भोक आहे.

मी तार लावून आधी स्वतः ऐकलं.
वाटलं, गाणं असेल.
एक बाई. मागं वारा.
एकच शब्द, खूस, खूस, खूस,
लांबवत, वळवत, दमत,
मध्ये खोकला,
मग पुन्हा तिथूनच.
उंटीण पिल्लाला जवळ घेत नाही तेव्हा
असं म्हणत बसतात तिच्यापुढं,
पान्हा फुटेपर्यंत.
मला हे शाळेच्या धड्यातलं माहीत,
मी चौथ्या मजल्यावर वाढले.

आवाज फक्त माझ्या कानात होता,
पण खोकला आला त्याच क्षणी
त्याची पापणी हलली.
बाई कोण, मी विचारलं नाही.

पाय काढले, खोका ओढला.
तळाशी एक स्पीकर निघाला, मुठीएवढा, दोन हात तार,
निर्मात्याचं नावसुद्धा पुसलेलं.
भाचीनं किंमत अर्ध्यावर आणली
आणि वर हातमोजे खपवायला पाहिले.
तो म्हणाला, मला फोन नाही.

पांढरा महिना सरला. रस्त्यांवर चिखल झाला.
नव्या मालात आता पारदर्शक कव्हरं आली होती,
आत पाणी, पाण्यात चमकी,
शाळकरी पोरी हलवून हलवून बघत.
त्या गर्दीतून दाशन्याम पुढं आला
आणि काउंटरवर तार ठेवली,
मधोमध चावून तोडलेली,
टोकाशी तांब्याचे केस पिंजारलेले.

"हे वॉरंटीत बसतं?"

कुणी केलं?
"तिनंच."
पिल्लाला घेतलं का जवळ?
तो पोरींच्या चमकीकडं बघत राहिला.
"तार खाल्ली," एवढंच म्हणाला.
मग म्हणाला, या खेपेला लांब दे. मी दूर बसतो.

मी चार हात तार मापली.
पिन बसवायला प्लेयर हातात घेतला, तर शिरेना.
भोकात काहीतरी घट्ट बसलेलं.
वाळू असणार, ओयुनगेरेल म्हणाली.
सुईनं कोरलं. बाहेर आला
पिवळट, कडक, नखाच्या टोकाएवढा कण.
वास घेतला,
आणि बिलावर तारेचे पैसे लावायचे राहूनच गेले.
भाची अजून बोलते त्यावरून.